आस्वाद आणि भूक

मराठी समीक्षेची परिभाषा स्वयंपाकघरातून आली आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रस समजावला तो नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न प्रसन्न मनाने चाखणाऱ्या पुरुषाच्या दृष्टान्ताने. अभिनवगुप्ताने त्यात ‘चर्वणे’ची भर घातली. ‘व्यंजन’ म्हणजे तोंडीलावणे आणि वर्णमालेतील वर्णही. ‘व्यंजना’ही त्याच धातूची. येथे श्लेष हा शब्दखेळ उरत नाही, त्यातूनच विचार घडतो. (आपली अलंकारचर्चा मात्र श्लेषाला चमत्कृतीत जमा करून मोकळी होते.)

परंतु श्लेष टिकायचा तर दोन्ही अर्थ ऐकू यावे लागतात. ‘आस्वादक समीक्षा’ म्हणताना त्यातील जेवण केव्हाच निःशब्द झालेले असते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातून वेचलेल्या दाण्यांची भाकरी येते, तेव्हा तो अर्थ एकदम जागा होतो. या पानाचा ‘आस्वाद’ कोण घेणार? भरताच्या त्या दृष्टान्तात जेवणारा तृप्त आहे. उपाशी माणसाला तेथे स्थान नाही. आनंदनिष्ठ सौंदर्यशास्त्रावर लिंबाळे यांनी पुढे १९९६ मध्ये घेतलेला आक्षेप म्हणूनच केवळ वाङ्मयीन ठरत नाही. तरीही ही संज्ञा टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. ती टाकल्याने समीक्षकाची अडचण तेवढी दूर होईल.