सर्पगंधेपासून कंपवातापर्यंत

सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे सर्पदंशावर, निद्रानाशावर, वेडाच्या झटक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काढलेले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या झुडपाकडे वळले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून रेसरपीन वेगळे काढले.

रक्तदाब उतरू लागला. पण काही रुग्णांचे हातपाय ताठरले, चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव गेले. लक्षणे थेट कंपवाताची, आणि औषध थांबवले की ओसरणारी. ‘दुष्परिणाम’ असा शेरा मारून पुढे जाणे सोपे होते. काहींनी तसे केले नाही, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन टोचले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून हिंडू लागले. हे १९५७ साल. मेंदू तपासला तर रेसरपीनने घटवलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे निरोप्या रसायन अजून तळालाच होते. मग सशांना उठवले कोणी? डोपापासून मेंदूत तयार झालेल्या डोपामिनने. तोवर त्याला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार होतानाची एक मधली पायरी, एवढीच किंमत होती.

चेतापेशी आपली निरोप्या रसायने इवल्या पिशव्यांत साठवते. या पिशव्या भरणारे प्रथिनच रेसरपीन अडवते आणि बाहेर उरलेले रसायन पेशीतली विकरे मोडून टाकतात. पेशी जिवंत, कोठार मात्र रिकामे. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना कंपवाताने दगावलेल्यांच्या मेंदूतही डोपामिनचा असाच खडखडाट आढळला. लेव्होडोपाचे, म्हणजे डोपाच्याच एका रूपाचे, उपचार तिथूनच सुरू झाले.

पण कोठार रिकामे होणे वेगळे आणि पेशीच मरणे वेगळे. कंपवातात पेशी मरतात. त्या कशा मरत असतील, याचा धागा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात मिळाला, तोही फार मोठी किंमत मोजून. हेरॉइनऐवजी विकल्या गेलेल्या एका बनावट पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. तो टोचून घेतलेली तरुण माणसे काही दिवसांत लाकडासारखी ताठ झाली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला. एमपीटीपीचे विष बनते ते मेंदूतल्या आधारपेशींत. डोपामिनच्या पेशी ते विष आपणहून आत ओढून घेतात आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांतली ऊर्जानिर्मिती बंद पडते. या वेळी नशा थांबवूनही पेशी परत आल्या नाहीत.

औषधाने घडवलेला आजार मूळ आजाराची तंतोतंत नक्कल नसतो, हे इथे विसरून चालत नाही. एमपीटीपीचे विष तयार करणारे विकर आधीच रोखले की प्रयोगातली माकडे वाचली. तेच विकर रोखणाऱ्या सेलेजिलिनने रुग्णांमधला कंपवात थांबतो, हे मात्र सिद्ध झाले नाही. पेशींची झीज थांबवणारे सिद्ध औषध आजही आपल्या हाती नाही.

म्हणून विनंती एवढीच: नवे औषध सुरू केल्यावर चालण्यात, हाताच्या थरथरीत, झोपेत, मनःस्थितीत काही बदल जाणवला, तर तो किरकोळ समजून गिळून टाकू नका. स्वतःच्या मनाने औषधही बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, आणि त्याची नोंद करायला लावा.