भाड्याची खोली आणि आडनांव

ज्या गांवीं विद्यापीठ असतें त्या गांवीं घर हें केवळ राहण्याचें ठिकाण उरत नाहीं, तें उत्पन्नाचेंही साधन होतें. २०२३ सालापर्यंत औरंगाबाद म्हणून ओळखलें जाणारें छत्रपती संभाजीनगर यास अपवाद नाहीं. येथें १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें. तत्पूर्वीं येथल्या मुलांस पदवीसाठीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावें लागे. आतां जालना, बीड, धाराशिव या बाजूंची मुलें-मुली येथें येतात, आणि एका खोलींत तीन-चार खाटा मांडून ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खाटेच्या हिशेबानें, भाडें घेतलें जातें. पैसे घेऊन निवारा देणें हा सचोटीचा धंदा आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु भाडें, अनामत, पाण्याची वेळ हीं ठरण्यापूर्वींच एक प्रश्न मोठ्या गोड आवाजांत विचारला जातो: “आडनांव काय आपलें?” या प्रश्नाचा अधिकार घरमालकास आहे काय?

घरमालक म्हणेल, घर माझें, तें कोणास द्यावें हें मी ठरवीन. हें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. जी विधवा बाई स्वतःच्या ओसरीलगतची खोली भाड्यानें देते, तिनें माणूस पारखून घेऊं नये असें कोण म्हणेल? कायदाही येथें फारसा बोलत नाहीं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या खोलीचा नाहीं. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा करार लेखी व नोंदलेला असावा असें सांगून ती जबाबदारी मालकावर टाकतो. परत पाठविलेल्या माणसास कां परत पाठविलें, हें तो विचारीत नाहीं. तेव्हां प्रश्न नीतीचाच उरतो. आणि नीतीच्या दृष्टीनें पाहतां त्या बाईस जें जाणून घ्यावयाचें आहे, म्हणजे मुलगा भाडें वेळेवर देईल कीं नाहीं, रात्रीं गोंगाट करील कीं काय, तें आडनांवांतून मुळींच कळत नाहीं. आडनांवांतून एकच गोष्ट कळते, आणि तिचा खोलीशीं कांहीं संबंध नाहीं. शिवाय ‘खोली भाड्यानें देणें आहे’ ही पाटी रस्त्याकडे तोंड करून लावावयाची आणि रस्त्यानें येणाऱ्या माणसांतून जात निवडावयाची, हें दुकान उघडून गिऱ्हाइकास उंबऱ्यावर अडविण्यासारखें आहे.

नकार देतांना मालक बहुधा स्वतःवर कांहीं घेत नाहीं. “मला कांहीं नाहीं हो, पण आईचें सोंवळें आहे,” किंवा “शेजारी काय म्हणतील!” ही सबब जुनी आहे. अमेरिका व इंग्लंड येथें शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांस पारशी नांव घेऊन पारशांच्या मुसाफिरखान्यांत राहावें लागलें. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या पारशांनीं त्यांना तेथून घालविलें. एका हिंदु स्नेह्यास विचारलें, तर तुम्ही आलांत तर माझे नोकर जातील असें उत्तर मिळालें. ख्रिस्ती स्नेह्यानें पत्नीस विचारावें लागेल म्हणून सांगितलें. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेंत बसून राहिले. ही हकीकत त्यांनींच लिहून ठेविली आहे. त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवितो. दार मात्र बंदच राहतें.

आतां खोटें आडनांव सांगणाऱ्या मुलाचा विचार करूं. तो असत्य बोलतो, हें खरेंच. परंतु ज्या उत्तरावर विचारणाऱ्याचा हक्कच नाहीं, तें दडविल्यानें त्याचें काय हिरावलें जातें? आम्हांस त्या असत्याची दुसरीच बाजू अधिक दुःखाची वाटते. त्या मुलास गांवाहून आलेल्या वडिलांस खोलीवर नेतां येत नाहीं, आणि भिंतीवर कोणाची तसबीर लावावी याचाही विचार करावा लागतो. भाड्याखेरीज हें आणखी एक भाडें त्यास रोज द्यावें लागतें, आणि त्याची पावती कोणी देत नाहीं.

वास्तविक हें नगर परक्यांनींच वसविलेलें. १६१० च्या सुमारास खडकी येथें तें उभारणारा मलिक अंबर हबसाणांतून गुलाम म्हणून आणलेला. जयसिंगपुरा, पदमपुरा हीं नांवें रजपूत सरदारांचीं. याच नगरांत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आलें. विद्यापीठास त्यांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत १९७८ च्या जुलैंत झाला आणि मराठवाड्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. तें नांव आतां विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर आहे. त्याखालून दिवसा जाणारा मुलगा संध्याकाळीं खोली शोधावयास निघतो, तेव्हां दारांत उभा राहून कोणतें नांव सांगावें याचा त्यास अजून विचार करावा लागतो.