रेवसच्या रोजनिशीतलं एक पान

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. गटारीसाठी घरी परतणाऱ्यांची गर्दी होती. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

रेवसमध्ये त्या दुसऱ्या दिवशी रात्री कुणी रोजनिशी उघडली असेल, तर आधी काय लिहावं?

रोजनिशी कशासाठी, याची उत्तरं निरनिराळी. गांधीजींना ती हवी होती स्वतःची झडती म्हणून. आश्रमवासीयांकडे ते तिचा आग्रह धरत. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई मात्र १९१७ पासून लिहीत राहिले ते बापूंबद्दल, स्वतःला बाजूला सारून. आणि रेवसच्याच रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा? तरुणपणी आपल्या कविता त्यांनी अग्नीला अर्पण केल्या. १९३२ ची धुळ्याच्या तुरुंगातली गीताप्रवचनं उरली, कारण साने गुरुजी ती उतरवून घेत होते. विरक्तालाही लेखनिक लागतो, हे जरा गमतीचंच!

‘मी’ पुसून साक्षी व्हावं, असं वेदान्त सांगतो. पण साक्ष कशाची? कायद्याची तारीख गॅझेटात छापून येते. कोळीवाड्यात कुणाच्या घरी चूल पेटली नाही, ते गॅझेट सांगत नाही. त्या रात्रीच्या पानावर लंडन एका ओळीत आटोपलं असतं, तरी चाललं असतं.