पायदानाबाहेरचं गाणं

रेडिओ सिलोनवर 1952 साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी गाण्यांना पायदान, म्हणजे क्रमांक, देत. त्यासाठी रेकॉर्डांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती धरली जाई. वडनेरसारख्या गावात शेजारच्या रेडिओला कान लावून ऐकणारा, रेकॉर्ड न घेणारा, पत्रही न टाकणारा माणूस या हिशेबात कुठून येणार? म्हणून पायदान न मिळालेलं गाणं नावडतं ठरत नाही; त्याची आवड मोजली गेली नाही, इतकंच.

पायदान हे गाण्याचं फळ; ते न मिळालं तरी बिघडत नाही, असं म्हटलं तर कुणी म्हणेल, फलत्याग गीताईत शोभतो, सिनेमाच्या धंद्यात नाही. खरंय, संगीतकाराला फळ हवंच असतं. पण ऐकणाऱ्याला? विसरलेला अंतरा कापूस वेचताना गुणगुणणारीला कसलं फळ मिळतं? निष्काम तिचं ऐकणं आहे.