जन्मासोबत काय येतं?

गीता आमच्या पेण-रोह्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. ती लोकांपर्यंत नेणारे विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी सांगितलं, की स्वधर्म शोधत फिरावं लागत नाही. आईबापांसारखा तो जन्मासोबतच मिळतो. मला हे पटतं. मुलींच्या बाबतीत मात्र लोक त्याचा अर्थ फार घाईने लावतात: जन्म बाईचा, म्हणजे धर्म चुलीचा. मी रोह्याहून गाडीने पेणला येते, शाळेत गणित शिकवते. दहावीनंतर हुशार मुली गणित सोडतात तेव्हा जीव तुटतो.

गणितज्ञ मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं. पीएच.डी. झाली १९८१ साली. मधल्या काळात केंब्रिजमध्ये शिकवलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलं, तीन मुली वाढवल्या. भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली ‘लीलावतीज डॉटर्स’ हे स्त्री-वैज्ञानिकांवरचं पुस्तक काढलं, रोहिणी गोडबोले त्याच्या एक संपादक. त्यात मंगलाताईंनीही आपली वाटचाल मांडली आहे. घराला त्यांनी आधी स्थान दिलं, आणि त्या निवडीला मी नावं ठेवणार नाही. पण घर हा त्यांचा स्वधर्म आणि गणित ही हौस, असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. नुसती हौस पोरीबाळींच्या व्यापात कधीच विरून गेली असती.

त्यांचं एक संशोधन चाळलेल्या पूर्णांकांवर होतं, म्हणजे ठरावीक संख्या चाळून काढल्यावर उरणाऱ्या पूर्णांकांवर. अशा चाळण्यांतली सगळ्यात जुनी मी वर्गात फळ्यावर करते. दोनपासून शंभरपर्यंत आकडे लिहायचे. दोन ठेवून त्याच्या पटीतले सगळे खोडायचे, मग तीनच्या, पाचच्या, सातच्या. उरतात पंचवीस मूळ संख्या. हमरापूरची एक मुलगी, घरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी, सातपाशी मला थांबवून म्हणाली, “बाई, आता अकराचं बघायलाच नको. अकरा अकरं एकशे एकवीस, ते शंभराच्या पुढे गेलं. त्याच्या आतले आधीच खोडलेत.” हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बुद्धीची ही ओढ तिला जन्मासोबतच मिळाली आहे. मग धर्म जन्मावरून ठरवायचा, तर हाही तिचा जन्मच की!

विनोबांचा स्वतःचा गणितावर फार जीव. १९५९ साली पवनारला त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, ते स्त्रियांच्या साधनेसाठी. बाई ब्रह्मविद्येची अधिकारी आणि कॅल्क्युलसची नाही, हे कोणत्या शास्त्रात बसतं? घर सांभाळणं हा धर्म आहेच, पण तो घरातल्या सगळ्यांचा. एकीच्या माथी मारला की दुसऱ्यांचा स्वधर्म तिच्या वेळेवर पोसला जातो. हा मला अधर्म वाटतो.

पेण-रोह्याच्या पालकांना माझी विनंती आहे. अकरावीचा अर्ज भरताना गणित हवंय का, हे मुलीला विचारा. हो म्हणाली, तर संध्याकाळची भांडी तिच्या भावालाही घासू द्या.