बोरिस्काची घंटा

एखाद्या असत्यातून सत्कार्य उभे राहिले, तर त्या असत्याचे पाप उरते काय? आठव्या आज्ञेवर धर्मशिक्षणाच्या वर्गात बोलणे निघाले की हा प्रश्न कुणीतरी विचारतेच. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्की (१९३२-१९८६) यांच्या ‘आंद्रेई रुब्ल्योव’ या चित्रपटाने तो माझ्यापुढे निराळ्याच रूपात उभा केला.

चित्रपट १९६६ साली पूर्ण झाला. परंतु पंधराव्या शतकातील एका मठवासी चित्रकाराची ही कथा निरीश्वरवादी राजवटीला रुचली नाही. मायदेशी ती १९७१ साली प्रदर्शित झाली. पुढे तार्कोव्स्कींनी देश सोडला आणि पॅरिसमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अवघे सात पूर्ण लांबीचे चित्रपट! त्यांपैकी ‘रुब्ल्योव’ आणि ‘द सॅक्रिफाइस’ या दोहोंचा समावेश व्हॅटिकनने १९९५ साली निवडलेल्या ४५ चित्रपटांत आहे.

तातारांच्या स्वारीत एका भोळ्या मुलीला वाचवताना रुब्ल्योवच्या हातून मनुष्यवध घडतो. प्रायश्चित्त म्हणून तो मौन धरतो, कुंचलाही खाली ठेवतो. अशी वर्षे लोटतात. एके दिवशी राजाची माणसे घंटा ओतणाऱ्या ओताऱ्याचा शोध घेत येतात. ओतारी साथीत दगावलेला. मागे उरला आहे त्याचा पोरसवदा मुलगा, बोरिस्का. मरताना वडिलांनी ओतकामाचे गुपित आपल्यालाच सांगितले, असे तो ठासून सांगतो आणि काम मिळवतो. योग्य चिकणमातीसाठी रानोमाळ वणवण करतो, राजाकडून चांदी मागून घेतो, ऐकत नाही म्हणून एका कामगाराला फटकेही मारवतो. घंटा वाजली नाही, तर मानेवर सुरी ठरलेली!

घंटा वाजते. आणि बोरिस्का चिखलात कोसळून हमसून रडू लागतो. बापाने काहीच सांगितले नव्हते. गुपित तो थडग्यात घेऊन गेला होता. रुब्ल्योव त्या पोराला छातीशी धरतो आणि त्याचे मौन सुटते: तू घंटा ओत, मी चित्रे काढीन.

संत ऑगस्टिन येथे विरघळले नसते. प्राण वाचवण्यासाठी बोललेले असत्यही त्यांच्या मते पापच. संत थॉमस अक्विनास यांनी उपकारक असत्य सौम्य मानले, निर्दोष मात्र नव्हे. मी स्वतः बोरिस्काला मनोमन कितीतरी काळ क्षमा करीत आलो. अलीकडे मात्र तो फटके खाणारा कामगार डोळ्यांपुढून हलत नाही. बोरिस्काने स्वतःची मान पणाला लावली, हे खरेच. पण इतरांच्या माना त्याने त्यांना न विचारता लावल्या.

आणि तरीही त्याच्या अश्रूंत आणखी एक सत्य आहे. श्रद्धेचे गुपित आपण मुलांच्या हाती सोपवले, अशी आपण आईबाप समजूत करून घेतो. मुले रोजरी म्हणतात, मिस्साला येतात; मग एखाद्या संकटात त्यांना कळते की आपल्या हाती कोणतेच गुपित नाही, माती स्वतःच शोधावी लागणार. बापाला काम करताना पाहिलेले डोळे एवढाच बोरिस्काचा वारसा होता. तो थोडका नव्हे.

तार्कोव्स्कींनाही हा हिशेब चुकलेला नाही. स्वारीच्या दृश्यात एक घोडा जिन्यावरून कोसळतो. तो अभिनय नव्हता. कत्तलखान्यातून आणलेल्या त्या जनावराला खरोखर गोळी घातली होती. कसेही करून ते मरणारच होते, असे समर्थन केले गेले. मला ते पटत नाही. त्या घोड्याला कुणी विचारले होते?

कृष्णधवल चित्रपटाला अखेरीस रंग येतो. रुब्ल्योवच्या पवित्र प्रतिमा एकेक करून उलगडतात, त्यांत पवित्र त्रैक्याची ती जगप्रसिद्ध प्रतिमाही येते. मग पाऊस सुरू होतो, आणि नदीकाठी काही घोडे शांतपणे भिजत उभे असलेले दिसतात.