शरीराबाहेरचे पाणी

तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पाणी पिऊन टाकतो आणि मग कित्येक दिवस पाणवठ्याकडे फिरकत नाही. माणसाचे पोट लिटर-दीड लिटरलाच तटतटते. त्यात तो उन्हात चालू लागला की अंगभर पसरलेल्या वीस-चाळीस लाख घर्मग्रंथी तासाला लिटरभर पाणी सहज बाहेर टाकतात. साठवण कमी, खर्च मोठा. असा प्राणी आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर तगला कसा?

थोडे उत्तर शरीरात आहे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मोजून दाखवले की माणसाला दिवसाला सरासरी तीन लिटर पाणी लागते, तर प्राणिसंग्रहालयातल्या चिंपँझी-गोरिलांना जवळजवळ दुप्पट. म्हणजे घामाघूम होणारा माणूसच एकंदरीत काटकसरी! बाहेर आलेले नाक उच्छ्वासातली वाफ अडवते, हाही त्या काटकसरीचाच भाग असावा.

पण काटकसरीने दावे लांबते, खुंटा सुटत नाही. टांझानियातल्या ओल्डुवाईच्या घळीत मेरी लीकी यांना १९५९ साली मानवकुळातल्या एका प्राचीन जीवाची प्रसिद्ध कवटी सापडली. त्या थरापाशीच, सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वी, गोड्या पाण्याचा झरा वाहत असल्याच्या खुणा पुढे मिळाल्या. तलाव आटला, खारट झाला, तरी जमिनीखालच्या पाण्यावर चालणारे असे झरे टिकून राहत. आपले पूर्वज त्यांच्या आसपासच वावरत. ही खुंट्याभोवतीची फेरीच झाली.

खुंटा सुटला तो पाणी शरीराबाहेर साठवता आले तेव्हा. कातडी पिशव्या, भोपळे कुजून जातात. त्यांचा पुरावा उरत नाही. शहामृगाच्या अंड्याचे कवच मात्र उरते. त्यात लिटरभर पाणी मावते. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ गुहेत सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचे कवचांचे तुकडे निघाले. त्यांवर आडव्या-उभ्या रेघा कोरलेल्या, काहींवर तोंड पाडल्याच्या खुणा. कालाहारीतले सान लोक अगदी अलीकडेपर्यंत हेच करत. ओलसर वाळूत पोकळ नळी खुपसायची, तिच्या टोकाला गवताची गाळणी, मग तोंडाने पाणी ओढून कवचात भरायचे. तोंडाला बोळा लावून काही अंडी कोरड्या ऋतूसाठी वाळूत पुरून ठेवायची. तेवढ्यानेही भागले नाही तर रसाळ कंद आणि त्सामा नावाची रानकलिंगडे होतीच.

यातले पुरण्याचे काम मला सर्वांत मोठे वाटते. आज तहान नसताना पुढच्या महिन्यातल्या तहानेची सोय करायची, जागा ध्यानात ठेवायची आणि आपण पुरलेले दुसरा कोणी उकरणार नाही एवढा भरवसा धरायचा. उंटाने पाणी रक्तामांसात साठवले. माणसाने ते स्मरणात आणि शेजाऱ्यावरच्या विश्वासात साठवले. कवचावरच्या रेघा कदाचित ‘हे आमचे’ असेच सांगत असतील.

शहामृग आपल्याकडेही होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा, रेघा कोरलेला कवचाचा तुकडा उत्खननात सापडला आहे. त्यात कधी पाणी भरले होते असा पुरावा मात्र नाही. कवचाचे मणी केलेले तिथे मिळाले आहेत.